हरकत असल्यास आठवड्याभरात कळवावे

त्या दिवशी मी मिरकरवाड्याला बांगडे निवडत होते आणि पिशवीतला फोन वाजला. सर्व्हर बंद होणार असल्याची सूचना होती. ज्या सर्व्हरवर माझं सोशल मीडियाचं खातं होतं तो कुठल्या बड्या कंपनीचा नव्हता. एक मराठी इंजिनिअर तो स्वतःच्या हौसेने चालवत होता आणि आम्ही काहीशे माणसं तिथे बिनभाड्याने राहत होतो. आता त्याने लिहिलं होतं, की नोकरी, संसार आणि तुम्हा लोकांची भांडणं हे तिन्ही एकदम झेपत नाही, तरी सर्वांनी दुसरीकडे सोय बघावी. माझं उतरलेलं तोंड बघून मासेवालीने विचारलं, काय झालं. घर बदलायला लागणार, मी म्हटलं. मालकाने भाडं वाढवलं काय, तिने विचारलं. तिला सगळं समजावत बसले असते तर बांगडे संपले असते, म्हणून मी हो म्हणून टाकलं. तिने हळहळून दोन बांगडे जास्तीचे टाकले आणि मी ते घेतलेही.

मी एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या सूचना टाइप करते. त्यामुळे सकाळी चहाबरोबर स्वतःच्या मनातल्या दोन ओळी लिहून एक फोटो टाकायचा, हा माझा अनेक वर्षांचा रिवाज. सुरमईचा भाव ऐकून मी बांगड्याकडे कशी वळले, आरे-वारेच्या रस्त्याला पर्यटकांनी गाड्या कशा आडव्या लावल्या, असलंच काहीबाही. वाचणारे बहुतेक मुंबईला असलेले, दुसऱ्या सर्व्हरांवरचे आपल्याकडचे लोक. माझ्या नावाखाली ओळख म्हणून लिहिलेलं होतं, ‘रत्नागिरी. मासे, ऊन आणि न मागता दिलेले सल्ले.’

नव्या सर्व्हरवर जायची रीत वाचली आणि मला रेशनकार्डाची आठवण झाली. लग्न झाल्यावर बाबांच्या कार्डावरून माझं नाव कमी केल्याचा दाखला मिळेपर्यंत सासरच्या कार्डावर नाव चढेना, आणि तो दाखला मिळायला अख्खा उन्हाळा गेला. तेवढे महिने सरकारच्या लेखी मी कुठल्याच घरात जेवत नव्हते. इथेही तसंच. आधी नव्या घरी जाऊन सांगायचं, की त्या जुन्या घरातली ती मीच. मग जुन्या घरी परत येऊन सांगायचं, की मी तिकडे चालले. दोन्हीकडून होकार जुळला, की तुम्हाला फॉलो करणारी माणसं आपोआप तुमच्या मागोमाग नव्या घरी येतात. तुम्ही लिहिलेलं मात्र येत नाही. ते जुन्या घरीच राहतं आणि घर पडलं की जातं. तहसील कचेरीपेक्षा हे फार लवकर झालं, अर्ध्या तासात मी इकडून तिकडे गेले.

मग नव्या खात्याचे तपशील भरत बसले. नाव, गाव, ओळख. छोटा फोटो जुनाच लावला, मी अजून तशी दिसते असं मला वाटतं. वरती आडवा मोठा फोटो लागतो, तिथे पूर्वी आरे-वारेचा समुद्र होता. पण रत्नागिरीच्या दर दुसऱ्या माणसाने तोच समुद्र लावलेला, त्याचा मला कंटाळा आला होता. फोनमध्ये शोधता शोधता आमच्या गावच्या घरामागच्या परड्यातल्या विहिरीचा फोटो सापडला. श्रावणातला होता. विहीर काठोकाठ भरलेली, जांभ्याच्या भिंतीवर नेचे उगवलेले, पाण्यात आभाळ. तो लावला. विहीर आता राहिली नव्हती, तेव्हा फोटो तरी वर असावा, एवढाच माझा विचार होता.

ही विहीर आमच्या आजोबांनी आणि त्यांच्या भावांनी खणली होती. धर्म बदलल्यानंतर एकदोन उन्हाळ्यांतलीच गोष्ट. त्याआधी आमच्या वाडीतल्या बायकांना गावच्या विहिरीवर आपल्या हाताने पाणी काढता येत नसे. घागर घेऊन लांब उभं राहायचं, कुणाच्या मनात आलं की तो वरून ओतणार. आजोबा म्हणाले, आता नाही उभं राहायचं. जांभा फोडायला किती वेळ लागला, किती हातांना फोड आले, हे आम्ही लहानपणी इतक्या वेळा ऐकलं होतं की आम्हाला त्याचा कंटाळा यायचा. माझ्या मोठ्या भावाला, दादाला, यायचा नाही. तो पोहायला तिथेच शिकला. शाळेत जायच्या आधी आईला पाणी शेंदून देणं त्याचं काम. आणि दर उन्हाळ्यात विहीर उपसून गाळ काढायच्या वेळी दोर कमरेला बांधून खाली उतरायचा तोच, कारण तो अंगाने बारीक होता. वर येताना चिखलाने माखलेला असायचा आणि झरा कसा लागला ते सांगत सुटायचा. आम्ही वरून विहीर बघितली, त्याने आतून बघितली होती.

पुढे तो मुंबईला नोकरीला गेला, मी लग्न होऊन रत्नागिरीत राहिले. आईबाबा गेल्यावर गावचं घर दोघांचं झालं. मी जवळ, म्हणून बघायचं काम माझ्याकडे आलं. तो दर मे महिन्यात यायचा. तीन वर्षांपूर्वी आला तेव्हा जेवून पडवीत आडवा झाला होता, तोंड उघडं, बनियन खांद्यावर फाटलेलं, आणि उशाशी एक कोंबडी ऐटीत बसलेली. मी फोटो काढला आणि खाली लिहिलं, ‘मुंबईचे साहेब गावच्या कारभाराचा आढावा घेताना.’ माझ्या इतक्या वर्षांच्या लिखाणात एवढी कुठल्याच पोस्टला लोकांनी दाद दिली नव्हती. दादाच्या ऑफिसातले काही लोकही मला वाचायचे, त्यानेच कौतुकाने त्यांना माझं खातं दाखवलेलं. त्यांनी तो फोटो छापून ऑफिसात चिकटवला. दादाने फोन करून सांगितलं, की मी त्याची अब्रू घालवली. मी म्हटलं, अब्रू बनियनच्या भोकातून गेली, माझ्यामुळे नाही. मला हे असलं पटकन सुचतं आणि सुचलं की तोंडात राहत नाही. त्याने फोन ठेवला, तो ठेवलाच, आणि मे महिन्यात गावी यायचंही सोडलं.

आमच्या घराला अबोला नवा नव्हता. आईबाबांचं बिनसलं की ती दोघं मांजरीमार्फत बोलत. आई चुलीपुढे बसून मांजरीला सांगायची, की भाकऱ्या झाल्यात, ज्यांना जेवायचं त्यांनी हात धुवावेत. बाबा ओटीवरून मांजरीला सांगायचे, की आज काही भूक नाही. आणि मग निमूट येऊन पाटावर बसायचे. आठवडा आठवडा असं चालायचं. मांजर डोळे मिटून बसलेली असायची, पण निरोप पोचला नाही असं कधी झालं नाही.

मी माझ्या खात्याची तशी मांजर केली. लावणी झाली, पडवीचे पत्रे बदलले, फणसाला यंदा कमी धरलेत, असं सगळं मी जगासाठी लिहायची आणि ते असायचं दादासाठी. मला फॉलो करणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव होतं. अधूनमधून मी जाऊन बघायची, तर असायचं. म्हणजे ओटीवर बसून ऐकतोय, बोलत नाही एवढंच, असं मी धरून चालले. वहिनीशी माझं फोनवर बोलणं होत असे, पण तब्येत आणि पोरीचा अभ्यास याच्यापुढे आम्ही दोघी जात नव्हतो. भावाबहिणीच्या भांडणात ती पडत नव्हती आणि मीही तिला पाडत नव्हते.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात वाडीतल्या चुलतभावाचा फोन आला. रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं आणि कंत्राटदाराला माती-दगड टाकायला जागा हवी होती. आपल्या विहिरीचा कठडा एका बाजूने ढासळलाय, परवा कुणाचं वासरू पडता पडता वाचलं, तर घे बुजवून फुकटात, असं त्याचं म्हणणं. घरोघर नळ आले होते, विहिरीवर कोणी फिरकत नव्हतं. ‘आटली हाय ती कधीच, आक्का,’ तो म्हणाला. ‘नुसतं भोक हाय.’

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण आमच्या भावकीत मुंबईवाल्यांना विचारल्याशिवाय सामायिक फणसाची फांदीसुद्धा कोणी तोडत नाही. दादाला विचारणं भाग होतं. फोन उचलायचा आणि विचारायचं, एवढंच करायचं होतं. पण फोन त्याने ठेवला होता, तेव्हा करायची पाळी त्याची होती, असं माझं ठरलेलं. म्हणून मी ढासळलेल्या कठड्याचा फोटो टाकला आणि ऑफिसात रोज जसं लिहिते तसं लिहिलं, ‘परड्यातील सामायिक विहीर बुजवण्याचे योजिले आहे. कोणाची हरकत असल्यास आठवड्याभरात कळवावे.’

लोकांना भाषेची गंमत वाटली. कोणी तरी नागपूरहून रडका चेहरा टाकला. एका बाईंनी विहिरीत कासवं आहेत का असं विचारलं. दादाचं काही नाही. मी ऑफिसात कामं सोडून पुन्हा पुन्हा बघत होते. आठवडा संपला तेव्हा मला वाईट वाटायच्या आधी राग आला. एवढा झऱ्याचा पुळका होता ना, मग आता का दातखीळ बसली? बुजवू दे म्हटलं. चुलतभावाला फोन करून डंपर पाठवायला सांगितला. डंपर आला त्या दिवशी मी स्वतः गावी गेले होते, दुपारी परत आले. नंतर त्याबद्दल काही लिहिलं नाही.

तर नव्या सर्व्हरवर सगळे तपशील भरून झाल्यावर मी पहिली पोस्ट टाकली. नवं बिऱ्हाड थाटलंय, ओळखीचे चेहरे मागून येताना दिसले, बरं वाटलं, अशी. संध्याकाळी बघते तर खाली दादाचं उत्तर. तीन वर्षांनी. ‘बाय, बऱ्याच दिवसांनी लिहिलंस. विहिरीचा फोटो बघून जीव थंड झाला. कठडा तेव्हाच हलत होता, पडला असेल. मे महिन्यात येतो, दोघं मिळून बांधूया.’

मला तो टोमणा वाटला. मी रोज लिहीत होते आणि हा म्हणतो बऱ्याच दिवसांनी. विहीर बुजवून वर्ष होत आलं आणि हा कठडा बांधायला निघालाय. तीन वर्षं तोंड शिवून बसायचं आणि मग चारचौघांत असा चिमटा काढायचा, हे त्याला शोभतच होतं. मी तिखट उत्तर टाइपही केलं होतं. पण ‘बाय’ या शब्दाशी येऊन अडले. लहानपणापासून तो मला बाय म्हणतो आणि रागात असला की कधीच म्हणत नाही. मी टाइप केलेलं पुसलं आणि वहिनीला फोन लावला.

वहिनी आधी चाचरली. मग म्हणाली, की त्या फोटोच्या वेळी दादाने लेकीकडून माझं खातं आपल्या फोनवर म्यूट करून घेतलं होतं. म्हणजे फॉलो करणाऱ्यांत त्याचं नाव तसंच राहणार, मला काही कळणार नाही, पण माझं लिहिलेलं एक अक्षर त्याला दिसणार नाही. सरळ फॉलो करणं सोडलं तर भावकीत बोभाटा होईल, म्हणून ही युक्ती. मला आता सर्व्हर बदलायला लागला तेव्हा मी त्याच्याकडे नव्या पत्त्यावरून पोचले आणि कुलूप जुन्या पत्त्यालाच राहिलं. एवढं मला समजलं. पुढचं मात्र वहिनीने सांगेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

‘राग त्यांचा दोन महिन्यांत गेला, ताई,’ ती म्हणाली. ‘पण बंद करून ठेवलंय हेच विसरले. मग म्हणायचे, बाय काही लिहीत नाही आता, माझ्या बोलण्याने तिने लिहिणं सोडलं. फोन करा म्हटलं तर लाजायचे.’

मी फोन ठेवला. मी त्याच्या बोलण्याने गप्प झाले असं वाटून तो लाजून गप्प होता, आणि मी तर रोज तोंड वाजवत होते. लावणी झाल्याचं त्याला कळलं नव्हतं. पत्रे बदलल्याचं कळलं नव्हतं. आठवड्याभरात कळवावे, हे सगळ्या जगाने वाचलं, ज्याच्यासाठी लिहिलं त्याने सोडून. आणि मी त्याच्या गप्प बसण्याला होकार समजले, असंही नाही. खरं सांगायचं तर मी त्याला शिक्षा समजले आणि उलटी शिक्षा केली. मला फार वाईट वाटलं. असं वाईट मला आई गेली तेव्हा वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून मी दादाला फोन केला. त्याने पहिल्या घंटेला उचलला आणि कसा आहेस विचारायलाही उसंत दिली नाही. जांभ्याचे चिरे कुठून आणायचे, सिमेंट नको लावूया, आजोबांनी चुना वापरला होता, त्याच्या ओळखीचा एक गवंडी आहे, असं सगळं एका दमात. तीन वर्षांचं तुंबलेलं होतं. मी त्याला थांबवलं.

‘दादा, विहीर नाही आता. बुजवली. गेल्या एप्रिलात.’

 

‘इचारायचंस तरी गो,’ तो म्हणाला.

‘विचारलं होतं.’

‘कुणाला?’

मी त्याला सगळं सांगितलं, नोटीस, आठवडा, डंपर. सांगताना ते मलाच इतकं खुळ्यासारखं वाटत होतं की मध्येच मी रडायला लागले आणि जिन्यातून जाणारी पोरं बघायला लागली. तो ओरडला नाही. ओरडला असता तर मी दोन शब्द बोलले असते आणि बरं वाटलं असतं. बरं, ठेवतो, एवढंच म्हणाला. त्या संध्याकाळी मी खात्यावरचा विहिरीचा फोटो काढला. नसलेली वस्तू दारात मांडून कुणाला तरी फसवल्यासारखं वाटत होतं. त्या जागी काय लावावं सुचेना, म्हणून रिकामंच ठेवलं.

मे महिन्यात तो येणार नाही असं मी धरलं होतं. तो आला. रत्नागिरीला माझ्याकडे एक रात्र राहिला, मी केलेलं बांगड्याचं तिखलं नेहमीसारखं दोनदा वाढून घेतलं, ऑफिसातल्या गमती सांगितल्या. विहिरीचा विषय त्याने काढला नाही आणि मला काढायचा धीर झाला नाही. सकाळच्या एसटीने आम्ही गावी गेलो. घर उघडून मी केर काढायला लागले तेवढ्यात तो परड्यात गेला.

मी मागून गेले. परडं सपाट झालेलं. वरची माती एका पावसाळ्यात बसली होती, त्यावर वाळकं गवत होतं, आणि चुलतभावाने सोयीचं म्हणून आपला टेम्पो तिथे उभा केला होता. दादा टेम्पोच्या भोवती फिरला. जांभ्याचा एक चिरा मातीतून थोडा वर आला होता, तो त्याने पायाने हलवून बघितला, हलला नाही. मी त्याच्यापासून थोडी लांब उभी होते. मला वाटत होतं त्याने आता काहीही बोलावं, अगदी शिवी दिली तरी चालेल.

‘बुजवली तेव्हा पानी व्हतं?’ त्याने विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. आटली होती असं सगळी वाडी म्हणते, चुलतभाऊ शपथेवर सांगेल. बुजवताना तिथे डंपरचा ड्रायव्हर आणि मी, दोघंच होतो. आत वाकून बघायचं माझ्याही मनात आलं नव्हतं. पहिला डंपर मागे घेऊन त्याने हौदा उचलला, माती घसरली, आणि खालून पाण्याचा आवाज आला. चांगला खोल, भरलेला आवाज. ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं. मी हात वर केला असता तर तो थांबला असता. पण आठवडा उलटून गेला होता आणि मी रागात होते, आणि मी त्याला मान हलवून पुढे म्हटलं.

‘होतं,’ मी म्हटलं.

‘किती?’

‘कमरेएवढं असेल.’

‘एप्रिलात?’ दादा म्हणाला, आणि टेम्पोच्या चाकाला टेकून खाली मातीत बसला.